रोपण केलेले दात आणि अप्रमादाचे व्रत

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा पाठ)



कोणत्याही संस्थेची कोनशिला बसविण्याचा समारंभ एका सकाळी आटोपतो. त्यानंतर पन्नास वर्षे रोज कुणीतरी दार उघडते, जाजम झटकते, हिशेबाची वही लिहिते आणि पावसाळ्यापूर्वी गच्ची कुठे गळते ते पाहून येते. ज्यांची नावे कोनशिलेवर कोरलेली नसतात, अशा माणसांच्या या नित्याच्या कामावर वास्तू उभी राहते. सुवर्णमहोत्सव हा वस्तुतः त्या नित्यकर्माचा गौरव आहे.

या व्याख्यानाचा विषय वरवर पाहता लहान आहे. जबड्याच्या हाडात बसविलेला कृत्रिम दात, ज्याला सर्वत्र ‘इम्प्लांट’ म्हणतात, तोही याच न्यायाने टिकतो किंवा जातो. बसविण्याचे काम डॉक्टर काही बैठकांत पूर्ण करतात. टिकविण्याचे काम मात्र रुग्ण, त्याचे कुटुंब आणि डॉक्टर या तिघांना मिळून आयुष्यभर करावे लागते. समाजातील अनेक ज्येष्ठांनी आयुष्यभराच्या बचतीतून असे दात बसवून घेतले आहेत. त्यांपैकी पुष्कळांना या दुसऱ्या, दीर्घ कामाची कल्पना कुणी नीट दिलेली नसते, आणि दिली असली तरी ती काही महिन्यांत विसरली जाते.

एक नेहमीचे चित्र

घराघरांत दिसणारे एक प्रातिनिधिक चित्र डोळ्यांपुढे आणावे. सत्तरीच्या आसपासच्या एक श्राविका आहेत. खालच्या जबड्यातील दाढा गेल्यामुळे भाकरी चावता येईना, म्हणून मुलाने आग्रहाने दोन इम्प्लांट बसवून दिले. पहिले वर्षभर त्या सांगितलेल्या तारखेला दवाखान्यात गेल्या. पुढे मुलगा नोकरीनिमित्त परदेशी गेला, दवाखान्यापर्यंत नेणारे कुणी उरले नाही, आणि दात तर छान चालले होते. ब्रश करताना कधीमधी रक्ताचा अंश दिसे. पण वयोमानाने असे व्हायचेच, असे त्यांनी मनाशी ठरविले. चार वर्षांनी हिरडीतून पू येऊ लागला, तेव्हा काढलेल्या क्ष-किरण चित्रात दिसले की एका इम्प्लांटभोवतीचे अर्धे हाड झिजून गेले आहे. या चार वर्षांत त्यांना एकदाही वेदना झाली नव्हती.

या चित्रात दोषी कोण, हे शोधण्यात अर्थ नाही. आजींनी कुणाची आज्ञा मोडली नाही, मुलाने हयगय केली नाही, डॉक्टरांनी काम वाईट केले नाही. सगळेच आपापल्या जागी चांगले होते, तरी हाड गेले. असे का घडते आणि ते कसे टाळता येते, याचाच हा विचार आहे.

चाळीस वर्षे टिकलेले दात

दंतरोपणाची आजची पद्धत स्वीडनमध्ये जन्मास आली. तेथील संशोधक पेर-इंगवार ब्रॅनेमार्क हे १९५२ च्या सुमारास सशाच्या हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत होते. त्यासाठी हाडात बसविलेले टायटॅनियम धातूचे उपकरण त्यांना परत काढता येईना, कारण हाड त्या धातूशी घट्ट जुळून गेले होते. या निरीक्षणातून पुढे बरीच वर्षे काम होऊन १९६५ साली गोथेनबर्ग येथे पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे रोपण झाले. १९८२ च्या टोरोंटो येथील परिषदेनंतर ही पद्धत जगभर मान्यता पावली. त्या पहिल्या रुग्णाचे २००६ साली निधन झाले, तोपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ, ते दात त्याच्या उपयोगी पडत होते. ब्रॅनेमार्क यांचे निधन २०१४ साली झाले.

एक गोष्ट येथे नोंदवून ठेवावी. अहिंसेला परमधर्म मानणाऱ्या समाजाला, या शोधाची सुरुवात प्राण्यावरील प्रयोगातून झाली, हे ऐकून खिन्नता वाटणे स्वाभाविक आहे. ती खिन्नता झाकण्याचे कारण नाही. ज्याच्यामागे जिवांचे मोल दिले गेले आहे, ते साधन निष्काळजीपणे वाया घालवू नये, एवढा बोध तरी त्यातून घेता येतो.

न दुखणारा आजार

नैसर्गिक दात हाडात थेट रुतलेला नसतो. दाताचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक अत्यंत पातळ, मिलिमीटरच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढा पडदा असतो. तो गादीसारखा दाब झेलतो. त्यात संवेदना असते, म्हणून भातातला बारीक खडाही दाताखाली लगेच कळतो. शिवाय हिरडीचे तंतू मुळाच्या पृष्ठभागात शिरून घट्ट विणलेले असतात, त्यामुळे जंतूंना आत उतरणे अवघड जाते.

इम्प्लांटभोवती हा पडदा नसतो. धातू आणि हाड यांचा थेट संयोग झालेला असतो. हिरडीचे तंतूही धातूत शिरत नाहीत; सदऱ्याची कॉलर मानेभोवती असावी तसे ते त्याच्याभोवती राहतात. त्यामुळे दोन गोष्टी घडतात. पहिली, जंतूंचा थर हिरडीच्या कडेला साचला तर सूज खोलवर लवकर उतरते. दुसरी, हे घडत असताना बहुधा दुखत नाही. इम्प्लांटला कीड लागत नाही, हे खरेच. पण त्याला काहीच होत नाही, ही समजूत त्यातून निघते आणि ती घातक ठरते.

या आजाराच्या दोन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीत केवळ हिरडी सुजते, लाल होते, स्पर्श होताच रक्त येते; हाड शाबूत असते. स्वच्छता सुधारली की ही अवस्था बहुतांशी मागे फिरते. दुसऱ्या पायरीत हाड झिजू लागते. गेलेले हाड आपोआप परत येत नाही, शस्त्रक्रियेनेही ते पूर्ववत होईलच याची शाश्वती नसते. म्हणून सगळे महत्त्व पहिल्या पायरीवर थांबविण्याला आहे.

१९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्वयंसेवकांनी तीन आठवडे स्वच्छता बंद ठेवली, तेवढ्यात इम्प्लांटभोवतीच्या हिरडीला सूज आली. दुर्लक्षाचे फळ दिसायला वर्षे लागत नाहीत, आठवडे पुरतात. २०१५ साली अनेक देशांतील अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. त्यात इम्प्लांट बसविलेल्या सरासरी ४३ टक्के व्यक्तींमध्ये पहिल्या पायरीची सूज आणि २२ टक्के व्यक्तींमध्ये हाडाची झीज आढळली. हे आकडे घाबरविण्यासाठी नाहीत. त्यांच्या शेजारी ब्राझीलमधील २०१२ चा एक अभ्यास ठेवावा. हिरडी आधीच सुजलेल्या ८० रुग्णांना तेथे पाच वर्षांनी पुन्हा तपासले. जे नियमित देखभालीला येत राहिले त्यांच्यापैकी १८ टक्क्यांमध्ये हाडाची झीज सुरू झाली होती. जे आले नाहीत त्यांच्यापैकी सुमारे ४४ टक्क्यांमध्ये. आजाराची सुरुवात दोन्ही गटांत सारखीच होती. अंतर पडले ते येत राहण्याने.

रुग्ण येईनासे का होतात

रुग्ण निष्काळजी असतो म्हणून येत नाही, हा निष्कर्ष सोपा आहे आणि बहुधा चुकीचा आहे. पहिले कारण भाषेतच दडलेले आहे. ‘फिक्स दात’, ‘पक्के दात’ या शब्दांनी असा समज होतो की काम एकदाचे संपले. दुसरे कारण, दुखत नसताना डॉक्टरांकडे जाण्याची सवय समाजात फारशी नाही. तिसरे, पुन्हा खर्च निघेल ही धास्ती. देखभालीला दरवर्षी किती खर्च येईल, हे दात बसविण्यापूर्वीच स्पष्ट सांगितले गेले, तर ही धास्ती पुष्कळ कमी होते. चौथे, वार्धक्य. हात कापतो, दृष्टी अधू होते, दवाखान्याचा जिना चढवत नाही. पाचवे कारण सहसा कुणी बोलून दाखवीत नाही. ते म्हणजे संकोच. दोन तारखा चुकल्या की तिसऱ्या वेळी जाण्याची लाज वाटते. डॉक्टर रागावतील, सगळ्यांसमोर बोलतील, या भीतीने एक वर्षाचे तीन वर्षे होतात.

या प्रत्येक कारणावर उपाय आहे आणि तो उपदेशाचा नाही. ‘नीट ब्रश करा’ हे वाक्य ऐकून कुणाची सवय बदलत नाही. रुग्णाच्या हातात आरसा देऊन, थर रंगविणारे द्रावण लावून तो कुठे साचतो ते दाखविले, त्याच्याच हाताने ब्रश फिरवून घेतला आणि एका भेटीत एकच नवी गोष्ट शिकविली, तर ती टिकते. दवाखान्यातून निघण्यापूर्वीच पुढची तारीख लिहून घेतली, तर रुग्ण परत येण्याची शक्यता वाढते. तारखेच्या दोन दिवस आधी आलेला एक आपुलकीचा दूरध्वनी छापील पत्रकापेक्षा अधिक काम करतो. रोजची साधने मोजकी आहेत : मऊ केसांचा ब्रश, दातांच्या फटीत फिरविण्याचा बारीक ब्रश, आणि जेथे तो जात नाही तेथे जाड, स्पंजसारखा दोरा. बारीक ब्रशची तार प्लास्टिकचे आवरण असलेली असावी आणि त्याचा आकार डॉक्टरांकडून फटीप्रमाणे ठरवून घ्यावा. फार बारीक ब्रश नुसता आतबाहेर होतो, फार जाड ब्रश हिरडीला इजा करतो.

व्रतनियम आणि दंतस्वच्छता

जैन कुटुंबातील रुग्णाचा प्रश्न आणखी एका बाजूने पाहावा लागतो आणि तो सर्वच दंतवैद्यांना ठाऊक असतो असे नाही. ‘रात्री झोपण्यापूर्वी ब्रश करा’ ही सूचना चौविहार पाळणाऱ्या श्रावकाला पाळता येत नाही, कारण सूर्यास्तानंतर तो तोंडात पाणीही घेत नाही. उपवासाच्या दिवशी अनेक जण दंतधावन वर्ज्य मानतात. दिगंबर मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांत अदंतधावन हा एक गुणच आहे आणि श्रावकांच्या उपवासातही त्या आदर्शाची छाया उतरते. असा रुग्ण डॉक्टरांसमोर मान डोलावतो आणि घरी आपल्या नियमाप्रमाणे वागतो. दोघांमध्ये मोकळे बोलणे झालेले नसते, आणि त्या अबोल्याची किंमत हिरडी मोजते.

यावर मार्ग निघतो. चौविहार करणाऱ्याने सायंकाळचे जेवण आणि सूर्यास्त यांमध्ये पंधरा मिनिटांचा अवधी राखावा आणि दिवसातील सर्वांत बारकाईची स्वच्छता त्या वेळी करावी. त्यानंतर काहीही खाल्ले जात नसल्याने रात्र स्वच्छ तोंडाने जाते. या दृष्टीने रात्रीभोजनत्याग दातांना उपकारकच आहे. पाण्याची मर्यादा पाळणाऱ्यांनी नळ वाहता ठेवण्याऐवजी एका पेल्यातील गाळून उकळलेल्या पाण्यात काम भागवावे. पाण्याच्या धारेने दात साफ करण्याच्या यंत्रातही असे उकळून निवविलेले पाणी भरता येते. मात्र काम झाल्यावर त्याची टाकी रिकामी करून कोरडी पुसावी.

अठ्ठाई, मासक्षमण किंवा वर्षीतप करणाऱ्यांच्या मनात एक समज असतो की पोटात अन्न नाही, तर दातांवर घाण कुठून येणार? वस्तुतः हा थर अन्नाच्या कणांचा नसून जंतूंचा असतो आणि तो लाळेतील द्रव्यांवरही वाढतो. उपवासात लाळ कमी होते, तोंड कोरडे पडते, त्यामुळे तोंडाची नैसर्गिक धुलाई उलट मंदावते. म्हणून दीर्घ तपापूर्वी दवाखान्यात जाऊन दात आणि इम्प्लांट स्वच्छ करून घ्यावेत आणि पारण्यानंतर पुन्हा दाखवावेत. तपाच्या काळात कोरड्या स्वच्छ कापडाने अथवा कोरड्या बारीक ब्रशने थर पुसता येईल का, हे प्रत्याख्यान घेण्यापूर्वी गुरुमहाराजांना विचारावे आणि त्या प्रत्याख्यानात कोणते आगार आहेत ते समजून घ्यावे. व्रताची मर्यादा ठरविण्याचा अधिकार गुरूंचा आहे, हिरडीची स्थिती सांगण्याचे कर्तव्य डॉक्टरांचे आहे. दोघांना एकमेकांचे म्हणणे कळविणे एवढेच रुग्णाचे काम. नवे इम्प्लांट बसविण्याची शस्त्रक्रिया मात्र पर्युषण किंवा दशलक्षण पर्वाच्या तोंडावर ठरवू नये. जखम भरून येण्याच्या दिवसांत आहार आणि औषध दोन्ही वेळेवर लागतात.

आणखी दोन गोष्टी आवर्जून सांगण्यासारख्या आहेत. तोंड धुण्याच्या काही द्रावणांत मद्यार्क असतो. तो नसलेली द्रावणेही मिळतात, म्हणून बाटलीवरील मजकूर वाचून घ्यावा. अशी औषधी द्रावणे डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपुरतीच वापरावीत, ती ब्रशची जागा घेऊ शकत नाहीत. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. हाड झिजल्यावर ती पोकळी भरण्यासाठी जी द्रव्ये वापरतात, त्यांपैकी अनेक गाईबैलांच्या हाडापासून बनतात, आणि त्यांवर घालण्याचे काही पातळ पडदे डुकराच्या ऊतीपासून तयार होतात. हे विचारल्याशिवाय सहसा कुणी सांगत नाही. रुग्णाचे स्वतःचे हाड किंवा कृत्रिमरीत्या तयार केलेले द्रव्य हे पर्याय पुष्कळ वेळा उपलब्ध असतात. मात्र आपली अडचण रुग्णाने शस्त्रक्रियेपूर्वी स्पष्टपणे, शक्य तर लेखी स्वरूपात, सांगितली पाहिजे. आणि मुळात ही वेळ येऊ न देणे हाच सर्वांत अहिंसक उपचार आहे. शरीराची फाजील चिंता करू नये, हे वचन खरे. पण रोजची दहा मिनिटे वाचविल्यामुळे पुढे शस्त्रक्रिया, प्रतिजैविके आणि प्राणिजन्य द्रव्ये यांची गरज पडणार असेल, तर त्या दहा मिनिटांना देहासक्ती म्हणता येणार नाही. त्याला जैन परंपरेतला योग्य शब्द आहे : यतना, म्हणजेच बोलीतली जयणा.

पाच प्रतिक्रमणे आणि पाच तपासण्या

उत्तराध्ययन सूत्राच्या दहाव्या अध्ययनात भगवान महावीर गौतमस्वामींना क्षणभरही प्रमाद न करण्याचा उपदेश पुनःपुन्हा करतात. गौतमांसारख्या ज्ञानी शिष्यालाही जे पुन्हा पुन्हा सांगावे लागले, ते सामान्य माणसाला एकदा सांगून कसे लक्षात राहील? म्हणूनच परंपरेने स्मरणाची जबाबदारी मनावर न सोपविता पंचांगावर सोपविली. रात्रिक, दैवसिक, पाक्षिक, चातुर्मासिक आणि सांवत्सरिक अशी प्रतिक्रमणाची पाच आवर्तने सर्वांच्या परिचयाची आहेत. इम्प्लांटच्या देखभालीलाही नेमकी हीच पाच आवर्तने पुरतात.

सकाळची स्वच्छता हे पहिले आवर्तन आणि सूर्यास्तापूर्वीची स्वच्छता हे दुसरे. पंधरा दिवसांनी एकदा उजेडात बसून आरशात हिरडी पाहावी, अथवा घरातील कुणाकडून पाहून घ्यावी. रंग लाल झाला आहे का, ब्रश फिरविताना रक्त येते का, चावताना दात हलल्यासारखा वाटतो का, एवढेच पाहायचे. यांपैकी काहीही आढळले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवावे. वरची कॅप हलत असेल, तर पुष्कळदा आतला स्क्रू सैल झालेला असतो. तो वेळीच आवळला तर काम थोडक्यात निभावते.

चौथे आवर्तन चातुर्मासिक. आषाढ, कार्तिक आणि फाल्गुन या तीन चौमासींच्या आसपास दवाखान्याची भेट ठेवली, तर वर्षातून तीनदा तपासणी होते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात दोन भेटींमध्ये किमान पाच-सहा महिन्यांचे अंतर सुचविले आहे. पूर्वी हिरड्यांचा आजार होऊन दात गमावलेल्यांना त्याहून लवकर बोलावले जाते. चार महिन्यांचे आवर्तन बहुतेकांना मानवते, आणि ज्यांना डॉक्टर वेगळे अंतर सांगतील त्यांनी ते पाळावे. आषाढातील भेटीचा विशेष लाभ असा की पर्युषणातील तपापूर्वी तोंड स्वच्छ झालेले असते.

या भेटीत काय व्हावे, हेही रुग्णाला ठाऊक असलेले बरे. डॉक्टर बोथट टोकाची बारीक सळई हिरडीच्या कडेने हलकेच फिरवून खोली मोजतात आणि रक्त किंवा पू येतो का ते पाहतात. चावा तपासतात. टायटॅनियमवर ओरखडे उठणार नाहीत अशा उपकरणांनी थर काढतात. सांवत्सरिक आवर्तनात, म्हणजे वर्षातून एकदा, जुन्या नोंदींशी सगळे ताडून पाहतात आणि डॉक्टरांना आवश्यक वाटल्यास क्ष-किरण चित्र घेतात. हे ताडून पाहणे तेव्हाच शक्य होते, जेव्हा कॅप बसविल्या वेळचे मोजमाप आणि चित्र जपून ठेवलेले असते. म्हणून प्रत्येक रुग्णाने इम्प्लांट कोणत्या कंपनीचे, किती जाडीचे व लांबीचे, कोणत्या तारखेला बसविले याची नोंद असलेले कार्ड मागून घ्यावे आणि घरच्या महत्त्वाच्या कागदांत ठेवावे. गाव बदलले, डॉक्टर निवृत्त झाले, तरी त्या कार्डामुळे पुढचे काम अडत नाही.

मधुमेह असणाऱ्यांनी साखर आटोक्यात ठेवावी. हाडांच्या ठिसूळपणासाठी गोळ्या किंवा इंजेक्शने सुरू झाली असतील, तर ती गोष्ट दंतवैद्यांच्या कानावर घालावी. तंबाखू आणि गुटखा यांविषयी व्यसनत्यागाचा उपदेश ऐकत आलेल्या समाजाला वेगळे काय सांगावे? दुकानाच्या गल्ल्यावर बसून तोंडात टाकलेली पुडी हिरडी बरी होऊ देत नाही, एवढे पुरे. झोपेत दात खाण्याची सवय असेल, तर रात्री घालण्याची पट्टी करून घ्यावी. कारण इम्प्लांटला दाबाची जाणीव कमी असते आणि त्यावर पडणारा भार माणसाला कळत नाही.

वैयावृत्त्य

ज्यांचे हात थरथरतात, जे अंथरुणाला खिळले आहेत, ज्यांना आताची गोष्ट घटकेनंतर आठवत नाही, अशा वृद्धांच्या तोंडातील इम्प्लांटचे काय? दहा-पंधरा वर्षांपूर्वी धडधाकट असताना बसविलेले दात आता त्यांना स्वतः स्वच्छ करता येत नाहीत. येथे काम दुसऱ्याच्या हाताने व्हावे लागते. आभ्यंतर तपाच्या सहा प्रकारांत वैयावृत्त्याची गणना आहे. सासूबाईंचे तोंड उघडून बारीक ब्रश फिरविणारी सून, आजोबांची इम्प्लांटवर बसणारी कवळी रोज काढून धुणारा नातू, यांचे हे काम शास्त्राने तपाच्या पंक्तीत बसविले आहे. ते कसे करावे, हे दवाखान्यात समोर बसवून दहा मिनिटांत शिकविता येते. म्हणून भेटीच्या वेळी वृद्धांबरोबर घरातील प्रत्यक्ष सेवा करणारी व्यक्ती जावी. पगारी मदतनीस असेल, तर तीही जावी. जेथे स्वच्छता अगदीच अशक्य होते, तेथे पक्क्या ब्रिजच्या जागी काढता येणारी कवळी करून देणे, हाही पुष्कळ वेळा सुज्ञपणाचा निर्णय ठरतो.

संस्थेलाही यात करण्यासारखे काम आहे आणि त्यास मोठा निधी लागत नाही. इच्छुक ज्येष्ठांची एक नोंदवही, तिन्ही चौमासींच्या आधी त्यांना फोन करणारे चार तरुण स्वयंसेवक, आणि ज्यांना नेणारे कुणी नाही त्यांच्यासाठी एखादे वाहन, एवढ्याने कितीतरी दात वाचतील. आयंबिलाची यादी ज्या फलकावर लागते, त्याच्याच शेजारी ‘दात दाखविलेत का?’ अशी एक ओळ लिहावी. पन्नास वर्षे ज्या संस्थेने समाजाची तिथी-पर्वे सांभाळली, तिला ही आणखी एक तिथी सांभाळणे अवघड नाही.

परत येण्याची वाट

शेवटी पुन्हा त्या आजींकडे वळावे. एका इम्प्लांटचे अर्धे हाड गेले आहे. पण दुसरा अजून चांगला आहे, आणि पहिलाही उरलेल्या हाडावर योग्य उपचारांनी आणखी काही वर्षे टिकण्याची आशा ठेवता येते. मात्र त्यासाठी त्यांना त्या दवाखान्याची पायरी पुन्हा चढावी लागेल, आणि ती चढण्याआड हाडाच्या झिजेहून संकोच अधिक येतो.

प्रतिक्रमण या शब्दाचा अर्थच मागे फिरणे, परत येणे असा आहे. चूक झालीच नाही असा दावा त्यात नसतो. चुकलेल्याला परत येण्यासाठी वाट ठेवलेली असते. दंतवैद्यांच्या भाषेत अशा ठरलेल्या भेटीला ‘रिकॉल’ म्हणतात. तीही परत बोलावणीच होय. चार तारखा चुकलेल्या रुग्णाने पाचव्या तारखेला निःसंकोच यावे. डॉक्टरांनी ‘इतके दिवस कुठे होता?’ असे विचारण्याऐवजी ‘आलात, बरे झाले’ म्हणावे. घरच्यांनी दोष न देता सोबत जावे. संवत्सरीच्या दिवशी सारा समाज एकमेकांना मिच्छामि दुक्कडम् म्हणून जुने खाते मिटवितो आणि नव्याने सुरुवात करतो. आपल्या देहातील या दुर्लक्षित, न दुखणाऱ्या, न तक्रार करणाऱ्या सोबत्याच्या बाबतीतही तीच रीत लागू करावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रश हातात घ्यावा.

जय जिनेंद्र.